चुना, माती आणि भांगेची काडी
(आपल्या भिंतींच्या इतिहासाबद्दल थोडेसे)



रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत सोसायटीचा इतिहास येणारच. प्लॉट कसा मिळाला, पहिली कमिटी कोण, पाण्याचे टँकर किती वर्षे आणावे लागले, हे सगळे इतर मंडळी लिहिणार आहेत आणि माझ्यापेक्षा चांगले लिहितील. मी म्हटले, आपण ज्या भिंतींच्या आत पंचवीस वर्षे राहिलो, त्या भिंतींबद्दल कोणीतरी लिहावे. भिंत म्हणजे विटा आणि सिमेंट, असे आपल्या नातवंडांना वाटते. त्यांचा दोष नाही, त्यांनी दुसरे काही पाहिलेच नाही. पण माणूस घरे बांधतोय हजारो वर्षे, आणि सिमेंटचे वय फार तर दोनशे. इंग्लंडमधल्या जोसेफ अ‍ॅस्पडिन नावाच्या गवंड्याने पोर्टलँड सिमेंटचे पेटंट घेतले ते १८२४ साली. त्याआधी जगात जे जे उभे राहिले ते माती, चुना, दगड, लाकूड आणि गवत यांच्या जोरावर.

आपल्याकडे गावाला दोन शब्द होते, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती. वस्तीच्या जागची माती पिढ्यान्‌पिढ्या राख, शेण, चुना मिसळून पांढुरकी होते. ती शेतीला उपयोगाची नाही, पण भिंतीला आणि धाब्याला उत्तम. मराठवाड्यात आमच्याकडे तिच्याच भिंती आणि तिचेच माळवद. खांब, त्यावर तुळया, वर लाकडी फळ्या किंवा काटक्या, त्यावर पाला आणि शेवटी पांढऱ्या मातीचा जाड थर. कोकणात गेलात की जांभ्याचा चिरा. जंगलपट्ट्यात कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर माती आणि शेणाचे सारवण. पुण्याच्या वाड्यांत खाली दगडी जोते, वर विटा आणि सागवानी सांगाडा. शनिवारवाडा १७३२ साली पुरा झाला तेव्हा खर्च १६,११० रुपये झाल्याची नोंद सांगतात. बँकेच्या माणसाला असे आकडे बरे लक्षात राहतात! सांगायचा मुद्दा हा की, प्रत्येक ठिकाणी लोकांनी पायाखाली जे होते त्यातूनच घर काढले.

आता भांगेकडे येतो. शीर्षक वाचून काही जणांच्या भुवया वर गेल्या असतील, आणि होळीच्या दिवसाची आठवणही काहींना झाली असेल. पण ही गोष्ट प्यायची नाही, लिंपायची आहे.

वेरूळची लेणी आपण बहुतेकांनी पाहिली आहेत. सोसायटीची पहिली सहलही तिकडेच गेली होती. लेण्यांतले शिल्प आपण बघतो, पण भिंतींवर आणि छतांवर गिलावा होता आणि त्यावर चित्रे होती, याकडे फारसे लक्ष जात नाही. कैलास लेण्यात त्याचे अवशेष अजून दिसतात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणात रसायनतज्ज्ञ म्हणून काम केलेले राजदेव सिंह आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ एम. एम. सरदेसाई यांनी वेरूळच्या मातीच्या गिलाव्याचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. २०१६ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्या गिलाव्यात त्यांना भांगेच्या झाडाचे, म्हणजे कॅनाबिस सटायव्हाचे, तुकडे आणि तंतू सापडले. माती किंवा चुन्याच्या मिश्रणात हे प्रमाण साधारण दहा टक्के असावे, असा त्यांचा हिशेब.

त्यांनी पुढे तुलना केली ती अजिंठ्याशी. अजिंठ्याच्या गिलाव्यातही माती, भुसा आणि वनस्पतींचे तंतू आहेत, पण भांग नाही. अजिंठ्याच्या चित्रांचे किडींनी बरेच नुकसान केले, वेरूळला मात्र किडींचा तसा उपद्रव दिसत नाही, आणि याचे श्रेय भांगेला असावे, असे या अभ्यासकांचे म्हणणे. देवगिरीच्या किल्ल्यातल्या यादवकालीन गिलाव्यातही भांग वापरलेली आढळली. म्हणजे हा एखाद्या कारागिराचा लहरी प्रयोग नव्हता. आपल्याच मुलखात काही शतके चालत आलेली ती रीत होती.

गिलाव्यात काडी किंवा तंतू घालायचे कारण साधे आहे. माती सुकताना आकसते आणि तडकते. आत तंतू असले की ते तिला धरून ठेवतात, तडे बारीक राहतात, मोठी भेग पडत नाही. शिवाय काडी पोकळ असल्याने हवा धरते, ओल शोषते आणि सोडते. आमच्या गावचे गवंडी भांग वापरत नसत. ते गव्हाचा भुसा, ताग नाहीतर अंबाडीचे तुकडे घालत. तत्त्व तेच.

इथे एक घोळ निस्तरून टाकू. इंग्रजीत ‘हेम्प’ हा शब्द पूर्वी सरसकट वापरला गेला. आपण शेतात हिरवळीचे खत म्हणून गाडतो तो ताग, तो ‘सन हेम्प’. जिच्या पानांची आंबट भाजी आपण ज्वारीच्या भाकरीबरोबर खातो आणि जिच्या वाखाचे दोर वळतात ती अंबाडी, तिला साहेबाने ‘डेक्कन हेम्प’ म्हटले. आणि खरे हेम्प म्हणजे भांग. तिन्ही झाडे वेगवेगळ्या कुळांतली, पण तिन्हींच्या सालीत वाख आणि आत हलकी, पांढरी, पोकळ काडी. वाख काढून उरते ती सणकाडी. पूर्वी चुलीला विस्तव लावायला घरोघरी असे. या टाकाऊ काडीचेच पुढे युरोपात काय झाले ते सांगतो, पण त्याआधी चुन्याचे दोन शब्द.

चुनखडी भट्टीत सुमारे नऊशे अंशांवर भाजली की तिच्यातला कार्बन वायू निघून जातो आणि कळीचा चुना राहतो. त्यावर पाणी टाकले की तो खदखदतो आणि विरतो. हा विरलेला चुना भिंतीत गेल्यावर हवेतला तोच कार्बन वायू हळूहळू पुन्हा ओढून घेतो आणि परत दगड होतो. दगडाचा चुना आणि चुन्याचा दगड, असे हे चक्र. समुद्रकाठी चुनखडीऐवजी शिंपले भाजत. चुना, वाळू आणि विटांची भुकटी बैलाच्या घाण्यात तासन्‌तास मळली जाई. किल्ल्यांवर फिरणाऱ्यांनी हे गोल दगडी चर आणि त्यातले मोठे चाक पाहिले असेल. गूळ, बेलफळाचे पाणी, हिरडा असे जिन्नसही त्यात पडत. हा माल घट्ट व्हायला वेळ घेई, पण एकदा झाला की पिढ्यांना पुरे. आणि तो थोडा लवचीक असतो. भिंत जरा हलली तर बारीक भेग पडते, आणि पाणी व हवा यांच्या मदतीने ती भेग चुना स्वतःच काही प्रमाणात भरून काढतो.

मग सिमेंट आले. पोरबंदरला १९१४ साली कारखान्यातून पद्धतशीर उत्पादन सुरू झाले. सिमेंटचे गुण नाकारण्यात अर्थ नाही. ते लवकर घट्ट होते, पाण्याखालीही होते, आणि लोखंडी सळईशी त्याची जोडी जमते. मजल्यावर मजले चढवायचे तर त्याला पर्याय नव्हता. आपल्यापैकी ज्येष्ठांना सिमेंटच्या परमिटचे दिवस आठवत असतील. पोत्यांसाठी अर्ज, शिफारशी, खेटे. १९८२ साली नियंत्रण अर्धवट उठले, १९८९ साली पूर्ण उठले, आणि मग सगळा महाराष्ट्र खडी-सिमेंटचा झाला.

बँकेत मी बरीच वर्षे कर्ज विभागात होतो. घरकर्जाच्या प्रस्तावात बांधकामाचा प्रकार असा एक रकाना असे. मातीची भिंत म्हटली की प्रस्ताव पुढे सरकत नसे. जनगणनेतही माती, कूड, गवत यांची गणना कच्च्यात होते. एका शब्दाने केवढे काम केले बघा! ‘कच्चे’ आणि ‘पक्के’ हे शब्द नुसते भिंतीचे वर्णन करत नव्हते, माणसाचीही पत ठरवत होते. मुलीचे लग्न ठरवताना स्लॅबचे घर आहे का, हे विचारले जाई. ज्या गवंड्याच्या हातात चुन्याची आणि पांढऱ्या मातीची विद्या होती, त्याच्या मुलाने ती शिकावी तरी कशाला?

याचा परिणाम आमच्याच गावच्या वाड्यावर पाहिला. भिंती दोन-अडीच हात जाडीच्या, मातीच्या. घरात चुलत्यांनी वाटणीनंतर दुरुस्ती काढली आणि तालुक्याहून आलेल्या मिस्त्रीने बाहेरून कमरेइतका सिमेंटचा गिलावा करून दिला. दिसायला झकास! दोन पावसाळे गेले आणि आतल्या बाजूने ओल छातीपर्यंत चढली. तिसऱ्या वर्षी गिलाव्याचे पापुद्रे सुटले, आणि नुसते सिमेंट नाही, त्याला चिकटलेली माती घेऊन सुटले. गावातला एक म्हातारा गवंडी होता. तो भिंतीवर हात फिरवून एवढेच म्हणाला, “भिंतीचं नाक-तोंड दाबलं की वो तुमी.” मातीची भिंत जमिनीतली ओल घेते आणि अंगावरून सोडते. तिला कोंडले की ती आतल्या आत भिजत राहते. पुढे मी जे काही वाचले त्यात याहून नेमके वाक्य मला सापडले नाही.

पण एवढ्यावरून ‘जुने ते सोने’ म्हणून मोकळे होता येणार नाही. मी मराठवाड्याचा. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरची, मी विसरू शकत नाही. किल्लारी आणि आजूबाजूच्या गावांत सुमारे दहा हजार माणसे झोपेतच गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचा कित्येक टन भार. हादरा बसताच भिंतीतले दगड सुटले आणि छप्पर खाली आले. पन्नासाहून अधिक गावे नव्या जागी वसवावी लागली. तेव्हापासून मातीचे घर म्हटले की आमच्या भागातल्या माणसाच्या पोटात गोळा येतो, आणि ते योग्यच आहे. मात्र किल्लारीने शिकवले ते नीट वाचले पाहिजे. घात केला तो वजनाने आणि सैल जोडणीने. गोल गोटे नुसत्या मातीत रचलेले, भिंतीच्या दोन बाजू बांधून ठेवणारा आडवा दगड नाही, कोपऱ्यांना पकड नाही, आणि माळवदावर दर काही वर्षांनी मातीचा आणखी एक थर. म्हणजे प्रश्न असा झाला : नैसर्गिक साहित्याची भिंत हलकी करता येईल का, आणि भार दुसऱ्यावर टाकता येईल का?

या प्रश्नाचे एक उत्तर फ्रान्समध्ये निघाले, तेही भूकंपाच्या नव्हे तर ओलीच्या निमित्ताने. तिथे शँपेन भागात जुनी घरे लाकडी सांगाड्याची, मध्ये कूड आणि मातीचा भराव. आपल्या वाड्यांची युरोपातली भावंडेच म्हणा ना. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांची दुरुस्ती सिमेंटने झाली, आणि आमच्या वाड्याचे झाले तेच तिथे झाले. ओल कोंडून लाकूड कुजू लागले. तेव्हा नोजाँ-स्यूर-सेन या गावी १९८६ साली शार्ल रासेती यांनी एका जुन्या घराच्या सांगाड्यात चुना आणि भांगेच्या काडीचे तुकडे यांचा भराव घातला. त्या भागात वाखासाठी भांगेची शेती होतेच. वाख कागद गिरणीला जाई, काडी उरे. त्या उरलेल्या काडीतून एक नवे बांधकाम साहित्य जन्माला आले. इंग्रजीत त्याला ‘हेम्पक्रीट’ म्हणतात.

कृती थालीपीठाइतकी सोपी. काडीचे बारीक तुकडे, चुन्याचा बांधक माल आणि पाणी एकत्र करायचे, लाकडी सांगाड्याभोवती फळ्या लावून हलक्या हाताने दाबत भरायचे, फळ्या काढायच्या आणि सुकू द्यायचे. सुकायला मात्र आठवडे लागतात, घाई चालत नाही. वर चुन्याचा गिलावा. तयार भिंतीचे वजन एका घनमीटरला साधारण तीनशे ते चारशे किलो, तर काँक्रीटचे सुमारे चोवीसशे. काडीत आणि काड्यांमध्ये हवा कोंडलेली असल्याने ऊन आणि थंडी आत यायला वेळ लागतो. चुन्यामुळे कीड आणि बुरशी दूर राहते, आणि ही भिंत सहजासहजी पेट घेत नाही. झाड चार महिन्यांत तयार होते आणि वाढताना हवेतला कार्बन घेते. तो भिंतीत अडकून राहतो. उलट सिमेंटची भट्टी चौदाशे अंशांच्या वर तापवावी लागते, आणि जगातल्या कार्बन वायूच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के धरला जातो.

आता दुसरी बाजू. ही भिंत भार घेत नाही. तिला लाकडाचा, लोखंडाचा किंवा काँक्रीटचा सांगाडा लागतोच. पायात ती चालत नाही. जमिनीपासून वर जोते हवे आणि पावसाच्या झडीपासून वाचवायला पुढे आलेले छप्पर हवे. आपल्या जुन्या घरांना उंच जोते आणि पडवी का असे, ते यातून कळते.

याची रोकड्या हिशेबाने तपासणी केली ती, गंमत म्हणजे, एका हाऊसिंग सोसायटीनेच! इंग्लंडमध्ये सफोक परगण्यातल्या हेव्हरहिल गावी सफोक हाऊसिंग सोसायटीने २००१ साली शेजारी-शेजारी दोन प्रकारची घरे बांधली, काही विटांची आणि काही भांग-चुन्याची. दोन्हींवर तज्ज्ञांनी देखरेख ठेवली. भांगेच्या घरांचा खर्च थोडा जास्त आला. ऊब टिकवण्यात ती विटांच्या घरांना कमी पडली नाहीत, उलट तेवढ्याच इंधनात किंचित जास्त उबदार राहिली. एखाद्या सर्वसाधारण सभेत कोणीतरी हा ठराव मांडला असेल आणि कोणीतरी उभे राहून खर्चाबद्दल विचारलेच असेल, असे मला आपले वाटते.

आपल्याकडे अडचण आहे ती कायद्याची आणि त्याहून जास्त नावाची. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा बंद केला, पण त्याच कायद्याच्या चौदाव्या कलमात वाख आणि बियांसाठी सरकार लागवडीला परवानगी देऊ शकते, अशी तरतूद आहे. नशा असते ती फुलोऱ्यात, काडीत नाही. उत्तराखंडने २०१८ साली औद्योगिक भांगेच्या लागवडीचे परवाने द्यायला सुरुवात केली. तिकडे भांगेच्या बियांची चटणी घरोघरी होतेच, आणि तिच्या काडीची बांधकामेही आता उभी राहू लागली आहेत. परवान्याशिवाय मात्र कोणी परसात रोप लावू नये, ही सूचना विशेषतः ए विंगच्या तरुण मंडळींसाठी!

तुम्ही म्हणाल, काका, हे सगळे ठीक, पण आपण सात मजल्यांच्या आरसीसी इमारतीत राहतो, आपला याच्याशी काय संबंध? संबंध दोन ठिकाणी आहे.

पहिला इथेच. इमारतीला पंचवीस वर्षे झाली. संरचनात्मक तपासणी, गळती, गच्चीचा कोबा, बाहेरचा गिलावा हे विषय सभेत येत राहणार. काँक्रीटही अमर नाही. आत ओल शिरली की सळई गंजते, फुगते आणि वरचा थर फोडते. तेव्हा ‘वरून एक जाड थर मारून टाका’ असे कोणी सुचवले, तर आधी पाणी कुठून येते आणि कुठून बाहेर जाईल, हे विचारा. मातीची भिंत असो की काँक्रीटची, हा प्रश्न बदलत नाही.

दुसरा संबंध जास्त जवळचा. आपल्यापैकी निम्म्याहून अधिक कुटुंबांचे गावाकडे अजून एखादे घर आहे. कोणाचा वाडा, कोणाचे चिऱ्याचे घर, कोणाच्या नुसत्या चार भिंती. भावंडांत कागद अडकलेले, दार वर्षातून एकदा उघडते. येत्या दहा वर्षांत त्या घरांचे काय करायचे, हे आपल्या मुलांना ठरवावे लागेल. बहुतेक जण म्हणतील, पाडा आणि स्लॅब टाका. पाडायचे असेल तर पाडाही. जीव धोक्यात घालून इतिहास जपायचा नसतो, हे किल्लारीने शिकवले आहे. पण पाडण्याआधी एका जाणत्या अभियंत्याला दाखवा. माळवदावरची जादा माती उतरवता येते, हलके छप्पर करता येते, कोपरे बांधून घेता येतात, गिलावा चुन्याचा करता येतो. आणि गावात एखादा चुन्याचे काम जाणणारा म्हातारा गवंडी असेल, तर मुलांना घेऊन त्याच्याकडे जाऊन बसा. वेरूळच्या गिलाव्यात काय आहे, हे कळायला सूक्ष्मदर्शक लागला, कारण सांगणारे कोणी उरले नव्हते. या गवंड्यांना अजून विचारता येते.

सोसायटीला रौप्यमहोत्सवी वर्षाच्या शुभेच्छा. सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत या भिंतींबद्दल लिहिण्याचे काम आजच्या दहावी-बारावीतल्या कोणीतरी अंगावर घ्यावे. विषय आत्ताच देऊन ठेवतो.